बुडबुडे कशाचे? कार्बन आणि प्रकाश वापरून पाण्यातून हायड्रोजन काढताना

मार्च महिना, दुपारचे दोन, कॉलेजची गच्ची. एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीनं प्रकाशात पाण्यातून हायड्रोजन काढण्यासाठी बनवलेली पिवळसर भुकटी मिसळलेलं पाणी फ्लास्कमध्ये भरून उन्हात ठेवलं होतं. फ्लास्कची नळी पाण्यात पालथ्या घातलेल्या मोजनळीत सोडली होती. दोन तासांत सात मिलिलीटर वायू जमला. "सर, हायड्रोजन!" म्हणत ती तीन जिने उतरून आली. मी तिला एवढंच सांगितलं की उद्या याच्या शेजारी अगदी असाच दुसरा फ्लास्क ठेव, फक्त भुकटी घालू नकोस. दुसऱ्या दिवशी त्या भुकटीविना फ्लास्कमधूनही जवळपास सातच मिली निघाला.

हिशेब केला तर यात नवल काहीच नाही. फ्लास्कमध्ये पाण्याच्या वर ५० मिली हवा होती. ती २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली की नुसत्या प्रसरणानं तीन-साडेतीन मिली वाढते. वाफेचा दाब ३.२ वरून ९.६ किलोपास्कलवर जातो, त्याचे आणखी चारेक मिली. शिवाय गरम झालेलं पाणी आपल्यात विरघळलेली हवा सोडतं, ते दिसायला हुबेहूब "उत्प्रेरकावरचे बुडबुडे" असतात. मोजनळीत थंड होताना यातलं थोडं आकसतं आणि हिशेब सातवर येऊन थांबतो. खरा हायड्रोजन या पद्धतीनं तासाला अर्धा-एक मिली मिळाला तरी पहिल्या खेपेला पेढे वाटायला हरकत नाही.

म्हणून या लेखात भुकटी बनवण्यापेक्षा वायू कशाचा आहे आणि कुठून आला, हे तपासण्यावर जास्त जागा खर्च केली आहे. भुकटी बनवणं सोपं आहे. नाशिकच्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयाच्या रसायन विभागात लागणारं बहुतेक सामान असतं. मात्र हा प्रयोगशाळेचा, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालचा प्रयोग आहे, स्वयंपाकघरातला नव्हे.

नेमकं घडतं काय

पाणी फोडायला एका मोलमागे २३७ किलोजूल ऊर्जा लागते, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे १.२३ व्होल्ट. आपल्या भुकटीसारख्या अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण आदळला की एक इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि मागे रिकामी जागा, म्हणजे होल, राहते. इलेक्ट्रॉननं पाण्यातल्या प्रोटॉनचा हायड्रोजन करायचा, होलनं पाण्याचा ऑक्सिजन करायचा. अडचण अशी की दोघं पृष्ठभागापर्यंत पोचण्याआधीच बहुतेक वेळा एकमेकांना भेटून संपतात आणि प्रकाशाची उष्णता होते.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा विद्युतअग्र वापरून प्रकाशानं पाणी फुटतं हे दाखवलं, पण त्याला अतिनील किरण लागत. २००९ मध्ये शिनचेन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन नायट्राइड ही कार्बन आणि नायट्रोजनची, धातूविरहित भुकटी दृश्य प्रकाशात हायड्रोजन देते असं दाखवलं. तिचं पट्टाअंतर, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणारी किमान ऊर्जा, २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण ४६० नॅनोमीटरपर्यंतचा जांभळा-निळा प्रकाश ती खाते. उन्हातल्या एकूण ऊर्जेचा हा आठवा हिस्सा असेल-नसेल. बाकीचं ऊन तिच्या लेखी वाया.

कार्बनची इतर रूपं इथे मदतनीस असतात. ग्रॅफीन आणि नॅनोट्यूब इलेक्ट्रॉन वाहून नेतात. कार्बन डॉट्स, म्हणजे दहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण, इलेक्ट्रॉन धरून ठेवतात आणि थोडा जास्त तरंगलांबीचा प्रकाशही पकडतात. हे डॉट्स २००४ मध्ये नॅनोट्यूब शुद्ध करताना कचऱ्यासारखे हाती लागले होते. आपण कार्बन नायट्राइड आणि कार्बन डॉट्स अशी जोडी घेऊ.

पिवळी भुकटी

कच्चा माल युरिया. निफाड-दिंडोरीच्या बाजूचे विद्यार्थी हमखास घरच्या गोणीतला युरिया आणतात. तो वापरू नका. शेतीचा युरिया आता कडुनिंबाच्या तेलाचा थर दिलेला असतो आणि ते तेल भट्टीत जळून भलताच कार्बन मिसळतं. प्रयोगशाळेच्या प्रतीचा युरिया फार महाग नाही.

झाकणाच्या मुशीत २० ग्रॅम युरिया घ्या. झाकण बसल्यावर मूस ॲल्युमिनियम फॉइलनं गुंडाळा. मफल भट्टीचं (प्रयोगशाळेतली बंद विजेची भट्टी) तापमान मिनिटाला ५ अंश या वेगानं ५५० पर्यंत न्या, तीन तास तिथे ठेवा आणि भट्टी आपोआप थंड होऊ द्या. या काळात अमोनिया भरपूर निघतो आणि त्याबरोबर आणखी विषारी वायूही. भट्टीला धूर ओढणारी चिमणी नसेल तर हा टप्पा करूच नका. खिडकी उघडी ठेवली की झालं, असं नाही.

हाती येईल ती फिकट पिवळी, कापसासारखी हलकी भुकटी. एक ग्रॅमपेक्षाही कमी, त्यामुळे घाबरू नका. युरियाऐवजी मेलामाइन घेतलं तर माल पुष्कळ जास्त मिळतो, पण तो घट्ट असतो आणि पृष्ठभाग बराच कमी. पृष्ठभाग हाच आपला धंदा असल्यानं मी युरियाच्या बाजूनं आहे.

तापमानाबाबत एक स्वतःची फजिती सांगतो. आमच्या भट्टीचा थर्मोकपल, म्हणजे आतलं तापमान मोजणारी तार, बिघडलेला होता; पडद्यावर ५५०, आत कितीतरी जास्त. सकाळी मूस उघडली तर आत काही नाही, धुतल्यासारखी लख्ख. कार्बन नायट्राइड ६०० च्या वर विघटित होऊ लागतं आणि ७०० च्या आसपास पूर्ण वायू होऊन निघून जातं. तेव्हापासून नवी भट्टी आधी वेगळ्या थर्मोकपलनं तपासतो.

भुकटी खलात वाटा आणि उघड्या बशीत पातळ पसरून ५०० अंशांवर दोन तास पुन्हा तापवा. थर सुटे होऊन नॅनोपत्रं बनतात, रंग आणखी फिका होतो, वजन बरंच घटतं. वाटताना एन९५ मास्क लावा, शक्यतो भुकटी ओली करून हाताळा. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात २७.४ अंशांवर मोठं आणि १३ अंशांजवळ छोटं शिखर दिसलं की माल बरोबर आहे. यंत्र कॉलेजात नसेल तर नमुना पुण्याला विद्यापीठात पाठवावा लागतो. तो पाठवूनच पुढे जा, नाहीतर चुकीच्या भुकटीवर सहा महिने जातात.

कार्बन डॉट्स

३ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि १ ग्रॅम युरिया ३० मिली शुद्ध पाण्यात विरघळवा. ५० मिलीच्या टेफ्लॉन अस्तराच्या स्टील ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद होणारं दाबाचं भांडं) १८० अंशांवर पाच-सहा तास ठेवा. भांडं दोन तृतीयांशाहून जास्त भरू नका आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका. तपकिरी द्राव मिळतो. अतिनील टॉर्च मारली की निळा-हिरवा चमकतो. गाळून घ्या आणि डायलिसिसच्या पिशवीत दोन दिवस, पाणी बदलत, ठेवा. हा टप्पा टाळायचा मोह सगळ्यांना होतो. पण न धुतलेल्या द्रावात सायट्रिक आम्लाचे अवशेष राहतात, ते पुढे होल खातात आणि तुमचा "उत्प्रेरक" उगाच चांगला दिसतो.

द्राक्षांच्या हंगामात हमखास प्रश्न येतो: वायनरीतल्या चोथ्यापासून डॉट्स करू का? होतात. फळांच्या साली, गूळ, काजळी, कशापासूनही होतात. पण प्रत्येक बागेचा चोथा वेगळा, फवारणी वेगळी, क्षार वेगळे. बातमी चांगली होईल, पुनरावृत्ती होणार नाही. आधी सायट्रिक आम्लावर हात बसवा, मग चोथ्याकडे वळा.

२०० मिलिग्रॅम नॅनोपत्रं पाण्यात अर्धा तास अल्ट्रासोनिक टाकीत ठेवा, त्यात मोजून डॉट्सचा द्राव घाला (सुकं वजन भुकटीच्या एक टक्क्याच्या आसपास), रात्रभर ढवळा आणि ६० अंशांवर वाळवा. डॉट्स जास्त घातले तर भुकटी तपकिरी होते आणि डॉट्सच प्रकाश अडवतात. शून्य, अर्धा, एक, दोन टक्के असे चार नमुने करा.

धातूचा कण

नुसत्या कार्बनवर हायड्रोजन फार सावकाश बनतो, कारण दोन हायड्रोजन अणूंना एकत्र यायला जागा हवी असते. ती जागा प्लॅटिनम देतो. वजनाच्या तीन टक्के म्हणजे ५० मिलिग्रॅम भुकटीला दीड मिलिग्रॅम प्लॅटिनम, त्यासाठी क्लोरोप्लॅटिनिक आम्ल चारेक मिलिग्रॅम. एवढं वजन करण्यापेक्षा मिलीला एक मिलिग्रॅम प्लॅटिनम असा द्राव करून ठेवा आणि पिपेटनं दीड मिली घाला. प्रकाश सुरू झाला की प्लॅटिनम स्वतःच भुकटीवर बसतो, भुकटी राखाडी होते. प्लॅटिनम परवडत नसेल तर निकेल हायड्रॉक्साइड चालतं. वायू कमी, शिकणं तेवढंच.

फ्लास्क, आर्गॉन, दिवा

गोल बुडाचा, सुमारे १३० मिली जागेचा साधा बोरोसिलिकेट फ्लास्क पुरतो. ४२० नॅनोमीटरचा प्रकाश बोरोसिलिकेट काचेतून सहज जातो, त्यामुळे क्वार्ट्‌झवर पैसे घालवू नका. ७२ मिली शुद्ध पाणी, ८ मिली ट्रायइथॅनॉलअमाइन, ५० मिलिग्रॅम भुकटी. नळाचं पाणी नको. गंगापूर धरणाचं पाणी प्यायला गोड असलं तरी त्यातले क्षार आणि क्लोरीन इथे नडतात.

हे ट्रायइथॅनॉलअमाइन कशाला? ते होल खाऊन टाकतं, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे राहतात. याला बळी जाणारं रसायन म्हणा. याचा अर्थ नीट समजून घ्या: ऑक्सिजन बनत नाही, आणि इलेक्ट्रॉन पाण्याचे नसून या रसायनाचे असतात. त्यामुळे हा प्रयोग म्हणजे अर्धंच पाणी फोडणं आहे. प्रकल्पाच्या शीर्षकात "जलविघटन" लिहिलंत तर बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारेल.

फ्लास्कला चांगला रबरी सेप्टम, म्हणजे सुई टोचता येणारं बूच, लावा. सिलिकोनमधून हायड्रोजन भराभर निसटतो; फुग्यात साठवण्याचा विचारही करू नका. लांब सुई द्रवात आणि आखूड सुई बाहेर जाण्यासाठी ठेवून ४० मिनिटं आर्गॉन सोडा. आर्गॉन सातपूर-अंबडला वेल्डिंगचा गॅस विकणाऱ्यांकडे मिळतो. मागताना शुद्ध आर्गॉन मागा. वेल्डिंगसाठी कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं सिलिंडरही तिथेच असतं आणि दिसायला फरक कळत नाही.

दिव्यासाठी ४२० नॅनोमीटरचा १० वॅटचा एलईडी, मागे उष्णता घालवणारी पट्टी आणि पंखा. फ्लास्क काचेच्या पाणभांड्यात ठेवून तापमान २५ ते ३० अंशांत धरा. पिवळा गॉगल घाला, कारण हा जांभळा प्रकाश डोळ्याला मंद वाटतो पण डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करतो. उन्हातला प्रयोग दिव्यावर हात बसल्यानंतरच करा, तोही पाणभांड्यासकट. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा नाही, फेब्रुवारी-मार्च उत्तम.

आता खरं काम: मोजणं

दर अर्ध्या तासानं वायुरोधी सिरिंजनं वरच्या वायूतला अर्धा मिली घ्या आणि तेवढाच आर्गॉन परत सोडा. काढलेल्या वायूबरोबर गेलेला हायड्रोजन पुढच्या हिशेबात मिळवायला विसरू नका. गॅस क्रोमॅटोग्राफला (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) उष्णतावाहकता शोधक आणि ५ अँगस्ट्रॉम मॉलिक्युलर सीव्हचा स्तंभ हवा. वाहक वायू आर्गॉन किंवा नायट्रोजन. हेलियम घेतला तर त्याची आणि हायड्रोजनची उष्णतावाहकता जवळजवळ सारखी असल्यानं आलेखातलं हायड्रोजनचं शिखर दिसेनासं होतं. आमच्याकडे कोणीतरी हेलियमचं सिलिंडर जोडून ठेवलं होतं. चार दिवस सगळे उत्प्रेरकाला दोष देत होते.

प्रमाणित वायू नसेल तर एक स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. २.४३ मिलिग्रॅम मॅग्नेशियम म्हणजे बरोबर १०० मायक्रोमोल हायड्रोजन. फीत घासून पांढरा थर काढा, वजन करा, त्याच फ्लास्कमध्ये तेवढंच पाणी घेऊन आर्गॉन सोडा आणि सेप्टममधून आम्ल टोचा. तोच फ्लास्क, तीच मोकळी जागा, तीच सिरिंज. म्हणजे सगळ्या चुका दोन्हीकडे सारख्या येतात आणि कटतात.

क्रोमॅटोग्राफ नाहीच, तर एमक्यू-८ हा बाजारात मिळणारा सेन्सर हो-नाही एवढं सांगतो. पण त्याला काम करायला ऑक्सिजन लागतो. आर्गॉनमध्ये थेट ठेवलात तर तो मुका होतो. ५०० मिलीच्या हवेच्या बाटलीत सेन्सर बसवा आणि त्यात फ्लास्कमधला एक-दोन मिली वायू टोचा. अल्कोहोलच्या वाफेलाही तो थोडा फसतो, तेव्हा जवळपास स्पिरिट नको. जळती काडी नेऊन "पॉप" ऐकण्याची शाळेतली पद्धत इथे नको: हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेतो आणि काचेच्या फ्लास्कपुढे कोणाचा तरी चेहरा असतो.

मोजनळीनं घनफळ मोजत असाल तर नाशिकची उंची ध्यानात घ्या. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत, हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कल. ३० अंशांवर त्यातले सव्वाचार किलोपास्कल पाण्याची वाफ खाते. उरलेल्या ९० किलोपास्कलच्या हिशेबानं एक मिली म्हणजे साधारण ३६ मायक्रोमोल. पुस्तकातला २२.४ लिटरचा आकडा लावला तर ४५ येतात, म्हणजे सरळ पाव हिस्सा फुकटचा हायड्रोजन.

रिकाम्या चाचण्या, म्हणजे एकेक गोष्ट मुद्दाम वगळून केलेल्या, चार; चारही हव्यात. भुकटी आहे, प्रकाश नाही: फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळून त्याच तापमानाला. प्रकाश आहे, भुकटी नाही. भुकटी आहे, ट्रायइथॅनॉलअमाइन नाही. आणि भुकटी आहे, धातू नाही. यात पहिली चाचणी बहुतेक जण करतात, दुसरी निम्मे, बाकीच्या दोन करणारे फार थोडे.

क्रोमॅटोग्राफवर नायट्रोजनचं शिखर रोज पाहा (त्यासाठी वाहक वायू आर्गॉनच हवा). नायट्रोजन आणि ऑक्सिजन पावणेचारास एक या प्रमाणात बरोबरीनं वाढत असतील तर सेप्टममधून हवा शिरते आहे. ज्या दिवशी "आमचा ऑक्सिजनही निघतो" असं वाटेल, त्या दिवशी सगळ्यात आधी हेच तपासा.

आणि कार्बनच झिजून वायू देत नाही ना? ५० मिलिग्रॅम कार्बन नायट्राइड म्हणजे जेमतेम ०.५४ मिलिमोल. तासाला २० मायक्रोमोल हायड्रोजन मिळत असेल तर चार तासांत ८० मायक्रोमोल होतात. तेवढा वायू भुकटीच्या विघटनातूनही येऊ शकतो, म्हणून चार तासांच्या आलेखावरून "उत्प्रेरक" हा शब्दच सिद्ध होत नाही. भुकटीच्या मोलांपलीकडे जायला २७ तास लागतात. मध्ये वीज गेली तर घड्याळ थांबवून तशी नोंद करा. दर सहा तासांनी आर्गॉन बदलून पुन्हा सुरू करा. प्रत्येक फेरीचा उतार सारखा राहिला तर माल टिकाऊ.

आकडा कसा सांगायचा

"एका ग्रॅममागे तासाला इतके मायक्रोमोल" हा आकडा सगळीकडे दिसतो आणि मला तो आवडत नाही. भुकटी निम्मी केली तरी प्रकाश तेवढाच शोषला जातो, आकडा मात्र दुप्पट दिसतो. त्यापेक्षा पडलेल्या प्रकाशकणांच्या तुलनेत सांगा. ४२० नॅनोमीटरच्या १ वॅट प्रकाशात तासाला सुमारे १२.६ मिलिमोल प्रकाशकण असतात. फ्लास्कवर खरोखर अर्धा वॅट पडत असेल तर ६.३ मिलिमोल. हायड्रोजनच्या एका रेणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून २० चे ४० मायक्रोमोल. ४० भागिले ६३०० म्हणजे ०.६ टक्के. पहिल्या खेपेला हा आकडा लाज वाटण्यासारखा अजिबात नाही.

अर्धा वॅट हे एलईडीच्या खोक्यावरून घेऊ नका. १० वॅट ही वीज, प्रकाश नव्हे. प्रकाशमापक नसेल तर पोटॅशियम फेरीऑक्झलेटचा द्राव त्याच फ्लास्कमध्ये, त्याच जागी ठेवा. या तरंगलांबीला एका प्रकाशकणामागे सुमारे १.१ लोह आयन बदलतात; फिनॅन्थ्रोलिन घालून लाल रंग मोजला की प्रकाशकण मोजले गेले. लाल दिव्याखाली, अंधाऱ्या खोलीत करायचं काम.

गच्चीवर बसवता येईल का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. जपानमध्ये १०० चौरस मीटरच्या पाट्यांवर असा प्रयोग झाला, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पदार्थ कार्बनचा नव्हता, स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचा होता. कमाल कार्यक्षमता, म्हणजे उन्हातल्या एकूण ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरलेली ऊर्जा, ०.७६ टक्के. कार्बन नायट्राइड आणि कार्बन डॉट्सच्या जोडीसाठी २०१५ मध्ये २ टक्के जाहीर झाले होते, तेही बळीचं रसायन न वापरता. तो आकडा डोक्यात ठेवून पहिला प्रयोग करू नका. आपण १ टक्का धरू. दिवसाला चौरस मीटरमागे ५ युनिट ऊन, त्यातून दीड ग्रॅम हायड्रोजन. हजार-अकराशे चौरस फुटांच्या गच्चीवरून दिवसाला १५० ग्रॅम, म्हणजे घरगुती गॅसच्या एका सिलिंडरइतकी ऊर्जा जमायला ३६ दिवस. त्याच गच्चीवर सोलर पॅनेल आणि विद्युतविघटक लावले तर दहापटीहून जास्त मिळेल. आजचा निकाल हा असा आहे, आणि विद्यार्थ्यांना मी तो पहिल्याच दिवशी सांगतो.

प्रयोग संपला की फ्लास्क धुराड्याखाली उघडा, वायू हळू जाऊ द्या. भुकटी सेंट्रिफ्यूजनं वेगळी करा, पाण्यानं तीनदा धुवा, वाळवून पुन्हा वजन करा. घट लिहून ठेवा. ट्रायइथॅनॉलअमाइनचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, टाकाऊ रसायनांच्या कॅनमध्ये जाऊ द्या. प्लॅटिनमची राखाडी भुकटी वेगळ्या बाटलीत, नाव-तारीख घालून. ती विद्यार्थिनी आता पीएचडी करते आहे. तिच्या टेबलावर दोन फ्लास्क कायम शेजारी-शेजारी असतात आणि एकावर मार्करनं लिहिलेलं आहे: "नुसतं पाणी".